अभ्यासात असेल

वर्गात मला 'घड्याळ' म्हणायचे. साडेनऊचा तास असला की मी सव्वानऊला हजर, वही उघडून, पेन्सिलींना टोकं काढून. कौतुकानं म्हणत होते की चिडवायला, याचा विचार करायला मला दोन वर्षं सवड झाली नाही.

तिसऱ्या वर्षी प्रयोग मिळाला तो असा: गव्हाच्या रोपांचे दोन ट्रे, एकाला साधं पाणी, दुसऱ्याला मिठाचं. रोज दहा वाजता उंची मोजायची, तीस दिवस. शेंबडं पोरही करेल. नवव्या दिवशी मी प्रयोगशाळेच्या जिन्यापर्यंत गेले आणि पहिल्याच पायरीवर बसले. पाय दुखत नव्हते, ताप नव्हता. फक्त वर जाणं होत नव्हतं. पंधरा मिनिटांनी उठले आणि खोलीवर परतले. त्यानंतर जिन्यापर्यंतही गेले नाही.

खोलीत दोन खाटा होत्या. दुसरीवरची मुलगी पहिल्या सत्रातच कोर्स सोडून गेली होती, गादी गुंडाळून. मी दिवसभर त्या गुंडाळीकडे बघत पडायचे. मोबाइलवर ते ओरडणारे व्हिडिओही पाहिले, उठा, स्वप्नांमागे धावा. धावा म्हणे! इथे आंघोळीला उठायची मारामार.

वही मात्र सुटली नाही. खाटेवर पडल्या पडल्या रोज दहा वाजता मी आकडे लिहायचे. साध्या पाण्याचा ट्रे जोमात, मिठाचा रखडत. खरं वाटावं म्हणून अधूनमधून एखादा आकडा मुद्दाम वाकडा. रविवारी वाढ जरा कमी दाखवायचे, रोपांनाही सुट्टी हवीच की. गैरहजेरीची यादी वर्गाच्या ग्रुपवर आली, तीत माझा क्रमांक नव्हता. कसा नव्हता, हे विचारायला मी थोडीच जाणार? प्रॅक्टिकलच्या पाचपेक्षा जास्त गैरहजेऱ्या झाल्या की परीक्षेला बसू देत नाहीत, आणि माझ्या सहा झाल्या होत्या.

संध्याकाळी आईचा फोन यायचा. तिलाही मी असेच आकडे द्यायचे: चाचणीत इतके गुण, झोप सात तास.

"बरं बाई, अभ्यासात असशील. ठेवते," ती म्हणायची आणि खरंच ठेवायची. दर वेळी वाटायचं, अजून एक मिनिट थांब ना गं. तोंडातून मात्र "हो, ठेव" एवढंच निघायचं.

तिसाव्या दिवशी ट्रे प्रॅक्टिकलच्या मॅडमना दाखवायचे होते. रोपं वाळून काडी झाली असणार. लवकर जाऊन ती फेकायची आणि ट्रे हातातून पडले म्हणायचं, असा बेत होता. त्या बेतानंच मला जिना चढायला लावला.

पाहते तर दोन्ही ट्रे हिरवेगार. आणि दोन्ही सारख्याच उंचीचे.

"तुझं पाणी घालायचं राहत होतं," प्रयोगशाळेतले काका टेबल पुसता पुसता म्हणाले. "म्हटलं, पोरगी अभ्यासात असेल. घातलं मीच रोज."

"दोन्हींना साधंच?"

"मग काय सरबत घालायचं?"

माझ्या वहीत मिठाचा ट्रे नऊ सेंटिमीटरवर खुरटला होता. समोर त्याचं नुसतं रान माजलं होतं. आता हा काय फेकायचा? पण सुटका समोरच उभी होती, फडकं हातात घेऊन. काकांनी चुकीचं पाणी घातलं म्हटलं, की बोलणी त्यांना बसणार आणि मला प्रयोग पुन्हा मिळणार. खरं सांगितलं तर वर्ष गेलं.

मॅडम आल्या. त्यांनी ट्रे पाहिले, वही पाहिली. "हे काय?"

"पाणी काकांनी घातलं," मी म्हणाले. काकांचा हात थांबला. "कारण मी नव्हते. नवव्या दिवसापासून आलेच नाही. हे आकडे खोलीत पडून लिहिलेत."

"आजारी होतीस?"

"नाही. उठवतच नव्हतं."

मॅडमनी हजेरीचं रजिस्टर उघडलं. माझ्या क्रमांकापुढे सहाच्या सहा वेळा 'हजर' होतं. त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं.

"तुझा क्रमांक आला की मी वर बघतच नाही," त्या हळूच म्हणाल्या. "तू असतेसच."

मग त्यांनी पेन काढलं. "हे खोडलं तर वर्ष जाईल तुझं."

"खोडा."

एकेक करत त्यांनी सहाही खोडले आणि वर 'गैरहजर' लिहिलं. मला हमसून रडू आलं. काकांनी स्टूल पुढे सरकवलं. "पुढच्या वर्षी होशील की पास," ते म्हणाले.

मी मान हलवली, पण वर्षासाठी रडतच नव्हते. तीन आठवडे मी कुठेच नव्हते, आणि ते आत्ता कुठे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं.