अर्धं पोतं करवंट्या

मी एक जुनी लोखंडी शेगडी आहे, मित्रांनो. आमच्या तंजावरात मला कुमुट्टी म्हणतात. नाक मुरडू नका! आज अंगावर गंज चढलाय, पण एके काळी या घराची पहाटेची कॉफी माझ्यावरच उकळायची.

पापनाशमच्या लोहाराने मला घडवलं. रंगरावांनी मला बसमधून मांडीवर घेऊन आणलं, पांढरं धोतर काळं करून घेतलं आणि बायकोची, सरोजाची, बोलणी खाल्ली. आमच्याकडे खरा पावसाळा कार्तिकात; त्या झडीत मी त्यांच्या लेकीची, नित्याची, दुपटी वाळवली, तिच्या ओल्या केसांना धूप दिला. सगळे माझ्याभोवती बसायचे. काय तो माझा तोरा!

मग नित्या चेन्नईला गेली. रंगराव वारले. आईच्या हातून गॅस उघडा राहील या धास्तीने नित्याने सिलिंडर काढला आणि विजेची चूल आणून दिली. मी परसात, धुण्याच्या दगडामागे पडले. तिथे माझ्याशी बोलायला कोण? एक पाल, तीही चुकचुकून निघून जायची.

सरोजाने एक सवय मात्र सोडली नाही. नारळ खवला की करवंटी उन्हात वाळवायची आणि पावसाळ्यातल्या जळणासाठी पोत्यात टाकायची. "तहान लागल्यावर विहीर खणू नये," असं स्वतःशीच पुटपुटायची. पूर्वी दिवाळीपर्यंत पोती भरायची. आता एकटीला एक नारळ आठवडाभर पुरतो. यंदा अर्धंच पोतं भरलं. त्याच्याकडे बघून मला रडू यायचं.

कार्तिकात वादळ आलं. माड विजेच्या तारांवर कोसळले आणि गल्लीतली वीज गेली. पाऊस थांबेना. शेजारची भुवना नुकतीच बाळंत झालेली. ती भिंतीपलीकडून ओरडली, "सरोजाक्का! बाळाचे पाय गार पडलेत. एक दुपटं सुकं नाही. लाकडं ओली, चूल पेटत नाही. काय करू गे?"

"रडू नको. त्याला छातीशी घट्ट धर. मी आलेच!"

सरोजाने मला ओसरीवर पेटवलं, धूर सरेपर्यंत थांबली आणि मग भुवनाच्या खोलीत नेलं. खिडकी थोडी उघडी ठेवायला विसरली नाही. किती वर्षांनी माझ्या पोटात निखारे फुलले! दुपटी सुकली, पाणी तापलं. बाळाच्या पायांत ऊब आली आणि त्याने भोकाड पसरलं.

"ओरड रे राजा, ओरड!" सरोजा हसत म्हणाली.

पाऊस चालूच होता आणि पोतं रिकामं होत होतं. "अक्का, तुमच्यापुरती कॉफी तरी करा," भुवना विनवायची. "मला काय धाड भरलीय? भिजवलेले पोहे पुरेत," म्हणून सरोजा प्रत्येक करवंटी बाळासाठी ठेवायची. वीज आली तेव्हा पोत्यात एकही उरली नव्हती.

मी पुन्हा दगडामागे. मग भोगी आली. आमच्याकडे त्या दिवशी घराघरातलं जुनं सामान टाकून देतात. सरोजाने मला उचललं तेव्हा मनात म्हटलं, संपलं! करवंट्या नाहीत, मग शेगडी कशाला?

तेवढ्यात दारात भुवना आली. कडेवर बाळ, हातात गच्च भरलेलं पोतं. "अक्का, गल्लीतल्या सगळ्या घरांनी साठवल्यात. पुढच्या वादळासाठी."

 डोळे पुसून सरोजाने माझा गंज घासला.

मित्रांनो, ऊन असतानाच करवंट्या वाळवा. आणि वादळात ज्याने ऊब दिली, त्याच्या दारी ऊन पडल्यावरही जा. त्या सकाळी सरोजाने माझ्यावर कॉफी ठेवली. कितीतरी वर्षांनी, दोघींसाठी.