पांढरी की निळी

दोन्ही गाड्या विजेवर चालणाऱ्या, दोन्ही उंच आणि ऐसपैस, किमतीतही फारसं डावं-उजवं नाही. एक पांढरी, दुसरी निळी. शोरूमसुद्धा एकाच रस्त्यावर, समोरासमोर. तिच्या नवऱ्याचं घोडं नेमकं तिथंच अडलं होतं. तो जमीनमोजणीच्या कामात मुरलेला माणूस, मोजल्याशिवाय पाऊल म्हणून टाकायचा नाही. पांढरी एका चार्जमध्ये जास्त लांब जाते, पण निळीची डिकी मोठी. पांढरीचं छत काचेचं, पण निळीच्या बॅटरीची हमी जास्त वर्षांची. त्याने तुलनेचे तक्तेच आखले होते. जेवताना हाच काथ्याकूट, दात घासताना तोंडात फेस असतानाही हाच.

"तुला काय वाटतं?" तो विचारायचा.

"मला वाटतं, झोपावं," ती म्हणायची.

ती काही गंमत करत नव्हती. ती कवळ्या बनवायची. दातांच्या दवाखान्यांतून साचे यायचे आणि ती मेणात एकेक दात बसवत जायची. नजर आणि हात दोन्ही ताजे लागतात असं काम. त्या आठवड्यात तिने एका कवळीत दाढ चक्क उलटी बसवली. प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाईंनी ती हातात फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, या आजोबांना स्वतःचाच गाल खायचाय का?" सगळे हसले. तीही हसली, तोंडावर पाणी मारून आली आणि पुन्हा मेण तापवायला बसली.

घरात कुणाच्याच डोळ्याला डोळा लागत नव्हता. तिच्या सासऱ्यांनी जन्मभर शहरबस चालवलेली. निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, पण अलीकडे त्यांच्या डोक्यातली वर्षं एकमेकांत मिसळायला लागली होती. घर निजलं की ते उठायचे, कपाटं उघडायचे, उशा उचलून बघायचे. बसची किल्ली शोधायचे. "पहिली फेरी माझी आहे, सूनबाई. माणसं खोळंबली असतील." त्यांना समजावता समजावता उजाडायचं.

यावर एकच उतारा होता. संध्याकाळी त्यांना गाडीतून लांब फिरवून आणलं की रात्र बऱ्यापैकी निभायची. पण जुन्या गाडीनेच मान टाकली. मेकॅनिकने बॉनेट हळूच खाली घेतलं आणि म्हणाला, "आता हिला सुखाने जाऊ द्या." तेव्हापासून फिरणं बंद, आणि झोपही. टॅक्सीने न्यावं तर बाबा टॅक्सीत पाय ठेवायला तयार नाहीत. टॅक्सीवाले आणि बसवाले यांचं जन्माचं वाकडं.

शेवटी एका शनिवारी तिने नवऱ्याला बजावलं, "आज काय तो सोक्षमोक्ष लावायचा. आणि बाबांना घेऊन जायचं. गाडीत बसायचंय त्यांना, तुझ्या तक्त्यांना नाही."

आधी पांढरी. नवरा चालवायला बसला, बाबा त्याच्या शेजारी. मागे ती आणि शोरूममधली एक तरतरीत मुलगी. गाडी लोण्यासारखी रस्त्यावर आली. आवाज म्हणून नाही.

"बघितलंत मॅडम, किती शांत आहे?" मुलगी कौतुकाने म्हणाली.

बाबांनी मान तिरकी केली. कान लावला. मग त्यांचा चेहरा बदलला.

"बंद पडलं," ते म्हणाले. "इंजिन बंद पडलंय! गाडी नुसती घरंगळतेय. अरे, दाब ब्रेक! मागे माणसं आहेत!"

"बाबा, ती चालूच आहे. विजेची आहे ना."

"मला शिकवतोस? दाब म्हणतो ना!" त्यांनी एका हाताने डॅशबोर्ड धरला आणि दुसऱ्याने दाराची कडी ओढायला सुरुवात केली. दार कुलूपबंद होतं म्हणून बरं. नवऱ्याने गाडी कडेला घेतली. बाबांच्या कपाळावर घाम होता. मुलगी बिचारी पुन्हा पुन्हा सॉरी म्हणत राहिली, जणू चूक तिचीच. ते तसेच पायी शोरूमपर्यंत परत आले, मुलीने गाडी मागून आणली.

"आज राहू दे," नवरा म्हणाला.

"नाही," ती म्हणाली. पाय ओढत तिने रस्ता ओलांडला. उद्या पुन्हा हे सगळं करायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

निळीकडचा विक्रेता पोट सुटलेला, संथ गृहस्थ होता. तिने आधीच त्याला बाबांबद्दल सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि पडद्यावर काहीतरी दाबलं. आतल्या स्पीकरमधून इंजिनासारखी घरघर सुरू झाली. "लोकांना शांततेची सवय नसते," तो म्हणाला. "म्हणून ही सोय ठेवलीय. खोटाच आवाज आहे, पण वेग वाढला की वाढतो."

तो मागे तिच्या शेजारी बसला आणि गाडी निघाली. बाबांनी पुन्हा कान लावला. मग म्हणाले, "आता तिसऱ्यात टाक."

गाडीला गिअर नव्हते. नवऱ्याने आरशातून मागे पाहिलं. तिने मान हलवली.

"टाकला, बाबा."

"हं. आता कशी सुधारली."

वळणानंतर बाबांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत सून नव्हती.

"बाई, तुम्हाला कुठं उतरायचं?"

"शेवटच्या थांब्यावर," ती म्हणाली.

"मग झोपा निवांत. मी उठवतो. आजवर कुणाचा थांबा चुकू दिला नाही."

कितीतरी दिवसांत तिला कुणी झोपा म्हटलं नव्हतं. तिने काचेला डोकं टेकलं. शेजारी परका माणूस बसलाय, बरं दिसत नाही, एवढाच विचार तिच्या मनात आला, आणि तोही पुरता झाला नाही.

जाग आली तेव्हा गाडी शोरूमच्या आवारात उभी होती. नवरा आणि विक्रेता बाहेर सावलीत ताटकळत होते. पुढच्या सीटवर बाबा ताठ बसलेले.

"आला का थांबा?" तिने विचारलं.

"कधीच आला," बाबा हळू आवाजात म्हणाले. "ते दोघे उठवायला निघाले होते, मी दटावलं. फार दमलेल्या दिसलात तुम्ही. असं थांबता येत नाही खरं, पण म्हटलं थांबू जरा. साहेबांना सांगू नका."

"नाही सांगत," ती म्हणाली.

ती उतरली. नवरा तिला बाजूला घेऊन म्हणाला, "मी समोरच्या मुलीला फोन केला होता. पांढरीतही आवाजाची सोय येणार आहे म्हणे. म्हणजे अजून दोन महिने थांबलो तर..."

"का रे इतका घोळ घालतोयस?" तिला रागवायलाही त्राण नव्हतं. तिने खरंच विचारलं.

तो बुटाने फरशी घासत राहिला. "ही बाबांची शेवटची गाडी असणार," तो म्हणाला. "मला गाडी त्यांनी शिकवली. एकदाही ओरडले नाहीत. चुकीची घेतली, तर पुढची बरोबर घेईपर्यंत ते नसतील."

तिने त्याच्या दंडावर हात ठेवला. इतके आठवडे तिला वाटत होतं, हा आकड्यांमध्ये लपून आपल्याला एकटीला जागवतोय. जागा तर तोही होता. त्याच्या डोळ्यांखालचं काळं तिला आज दिसलं.

"गाडी थोडी चुकली तरी चालेल," ती म्हणाली. "रोजचं फिरणं चुकतंय त्याचं काय? निळी घे."

त्याने निळी घेतली.

सगळं मार्गी लागलं असं काही झालं नाही. काही संध्याकाळी बाबा खूश होऊन थांबे पुकारायचे, तर काही संध्याकाळी ही आमची बस नव्हे म्हणून दारातच अडून बसायचे. किल्लीचा शोध पुरता थांबला नाही, मात्र एकाआड एक का होईना, झोपेच्या रात्री मिळायला लागल्या. नवरा कधीकधी पांढरीबद्दल गुपचूप वाचायचा, आणि ती बघून न बघितल्यासारखं करायची.

एकदा असेच तिघे फिरून परतत होते. बाबांची मान छातीवर कलली होती, श्वास संथ चालला होता. घराचं फाटक आलं. नवऱ्याने वेग कमी केला, बाबांकडे पाहिलं, आणि गाडी तशीच पुढे घेतली. मागच्या सीटवरून तिनेही थांब म्हटलं नाही.