निरोगी माणसाचं रक्त

“काका, तुमचंच चुकलंय. नळी रेषेपर्यंत भरली नसेल,” आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमधली नवी मुलगी म्हणाली.

मी नळी उजेडात धरली. रक्त अगदी रेषेवर. चूक निघाली असती तर किती बरं झालं असतं!

रक्त गोठण्याच्या तपासणीचं नवं रसायन आलं की आधी ते निरोगी माणसांच्या रक्तावर पारखून घ्यावं लागतं. बावीस वर्षं मी लोकांना सुया टोचल्या आणि स्वतःची पाळी आली की चहाला पळालो. आज एक माणूस कमी पडला म्हणून हिने मला धरलं. बाकीच्यांचं तीस-बत्तीस सेकंदांत गोठलं. माझ्या रक्ताने अठ्ठावन्न घेतले.

पुन्हा लावलं. सत्तावन्न. मग निम्मं माझं, निम्मं तिचं मिसळून लावलं, तर तेहतीस. म्हणजे माझ्यात जे कमी होतं ते तिच्या रक्ताने भरून काढलं.

तरुणपणी दाढ काढली तेव्हा दोन दिवस रक्त थांबेना. त्या दंतवैद्याच्या नावाने मी आजवर बोटं मोडत आलो. बिचारा!

“हे आईबापाकडून येतं ना, काका?” तिने सहज विचारलं.

मी घड्याळाकडे पाहिलं. वरच्या मजल्यावर अकरा वाजता माझ्या लेकीचं सिझेरियन होतं. तिच्या फॉर्मवर ‘घरात कुणाला रक्तस्रावाचा त्रास?’ यापुढे ‘नाही’ असं मीच ठोकून दिलं होतं. लॅबवाल्याचा शब्द म्हणून पुढे कुणी तपासलंही नाही. पावणेअकरा झाले होते.

जिने कसे चढलो देव जाणे. थिएटरच्या दाराशी सिस्टर आडवी आली.

“अहो, आत कुठे निघालात? तिला टेबलावर घेतलंय.”

“थांबवा! पाठीत भुलीची सुई घालू नका, आत रक्त साचेल. माझं रक्त लवकर गोठत नाही, तिचंही नसेल.”

आवाज इतका चिरका निघाला की डॉक्टरीणबाईच बाहेर आल्या. “खात्री आहे?”

“माझ्या रक्ताची आहे. तिचं थोडं द्या, अर्ध्या तासात सांगतो.”

आतून लेक ओरडली, “बाबा, काय झालं? उगाच घाबरवू नका हं!”

“काही नाही गं, तुझ्या बापाचा वेंधळेपणा,” मी म्हणालो.

तिचे चौसष्ट आले, माझ्याहून वाईट. मी लगेच फोनवर आकडा सांगितला.

मग तिच्यात जे कमी होतं ते भरून काढायला रक्तपेढीतून प्लाझ्माच्या पिशव्या वर गेल्या. पाठीत सुई न घालता तिला पूर्ण भूल दिली. दुपारी दोनला जावयाचा फोन आला. “मुलगा झाला, बाबा. ती बरी आहे. रक्त फार गेलं नाही.” मी मशीनसमोरच ढसाढसा रडलो.

डोळे पुसतोय तोच सिस्टर एक छोटी नळी घेऊन आली. चिठ्ठीवर लेकीचं नाव आणि खाली ‘बाळ, मुलगा’.

“नाळेचं रक्त आहे. बाळाचं किती सेकंदांत गोठतं, ते बाईंनी लगेच विचारलंय.”

नवी मुलगी पुढे झाली. “काका, मी लावते. तुम्ही वर जा, नातवाला बघा.”

“थांब, दे इकडे.”

नळी अजून कोमट होती. नातवाला मी पहिल्यांदा हातात घेतलं ते असं.