दिव्याचा पिवळा रंग

काकांची सही मिळाली की रंगारीच्या पदरात बरंच काही पडणार होतं: साठलेली झोप, बायकोचं सरळ तोंडानं बोलणं आणि या रडक्या सिनेमापासून कायमची सुटका.

रंगारी हे त्याचं स्टुडिओतलं टोपणनाव. जुन्या सिनेमांच्या घरी बघायच्या डिस्क निघत, त्याआधी तो त्यांचे विटलेले रंग जागेवर आणी. हा सिनेमा एका आजारी आईचा. शेवटी ती आणि मुलगा टेबलाशी बसतात, मध्ये एक दिवा, आणि कोणी काही बोलत नाही. जे काय सांगायचं ते दिव्याच्या उबदार उजेडानं. तो उजेड टिपला होता काकांनी, सिनेमाचे कॅमेरामन म्हणून; तेव्हा त्यांच्या पसंतीशिवाय डिस्क छापायची नाही असं कंपनीनं ठरवलेलं.

काका लेकीचा हात धरून आले. बसल्या बसल्या त्यांनी सिनेमाच्या आवाजातली खोट पकडली. "मागं पंखा घरघरतोय. काढ तो."

खरंच घरघरत होता. म्हातारा पक्का आहे, रंगारी मनात म्हणाला.

मग चित्र. "पिवळं पडलंय. निळा वाढव."

वाढवला.

"अजून. अरे, कावीळ झाल्यासारखी दिसतेय बाई."

"काका, आता ती विहिरीतून काढल्यासारखी दिसतेय."

"सिनेमा तू टिपलास की मी?"

चहाच्या निमित्तानं लेकीनं रंगारीला बाहेर गाठलं. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. सगळं पिवळंच दिसतं त्यांना. ऑपरेशनचं नाव काढलं की अंगावर येतात. दादा, तुम्ही काही बोलू नका हं. आपल्याला रंग कळत नाहीत हे समजलं, तर खचतील."

बोलायला हवं होतं. निदान दोन प्रती करता आल्या असत्या: निळी काकांना दाखवायला, खरी छापायला. ही अक्कल रंगारीला सुचली आणि जांभईबरोबर गेली. दोन प्रती म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यानं निळा वाढवला. काकांनी सही केली, वर पाठ थोपटली.

डिस्क बाजारात गेली. पुढं लेकीनं गोड बोलून, रुसून, काकांचं ऑपरेशन एकदाचं करवून घेतलं. डोळे मोकळे झाल्यावर काकांनी हौसेनं आपलाच सिनेमा लावला.

लगेच स्टुडिओत फोन. "कुठल्या गाढवानं केलं हे? आई पहिल्याच प्रसंगात गेलेली दिसतेय! मी समोर बसलो होतो ना? मला कसं दिसलं नाही?"

फोनमध्ये काकांच्या मागं बांगड्या वाजल्या; लेक उभी असावी. रंगारीनं डोळे चोळले. खरं सांगितलं असतं तर पुढं समजूतही घालावी लागली असती, आणि तेवढं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

"तुम्ही गेल्यावर मी हात लावला, काका."

"कशाला?"

"वाटलं, बरं दिसेल."

शिव्या सविस्तर झाल्या.

लेकीला ताठ मानेचा बाप परत मिळाला. काकांना डोळे मिळाले आणि खापर फोडायला एक डोकं. कंपनीचा माल खपला, तो परत मागवायची उठाठेव कोण करतो? भुर्दंड पडला रंगारीच्या नावाला. काकांनी ते साऱ्या धंद्यात पोचतं केलं. आणि त्याहून मोठा भुर्दंड सिनेमातल्या त्या आईला, जिला कोणी विचारलंच नव्हतं. दिवा समोर पेटलेला असून ती घराघरांत गारठून बसली आहे.