तिपाई डुगडुगत नाही

आमच्या घरात ‘डुगडुगणं’ हा शब्द फक्त फर्निचरसाठी राखून ठेवलेला आहे. माणसाचे पाय लटपटतात, दारुड्याचा झोक जातो, सरकार डळमळतं. डुगडुगतं ते स्टूल किंवा टेबल. आमचे हे सुतार, आणि याबाबतीत भारी कडक. जावई एकदा म्हणाले, “माझी नोकरी जरा डुगडुगतेय.” यांनी घास तसाच हातात धरून विचारलं, “तिच्याखाली पाचर मारता येते का? नाही ना? मग दुसरा शब्द शोधा.”

मध्यंतरी मात्र यांचं सगळंच फर्निचर डुगडुगायला लागलं. तयार खुर्चीवर बसायचे, उठायचे, “डुगडुगतेय,” असं पुटपुटायचे आणि खुर्ची उलटी करून पाय तासायचे. परत बसायचे, परत तासायचे. खुर्च्या बुटक्या होत चालल्या. कपडे शिवणारी शेजारीण तर आपली खुर्ची घेऊन परत आली.

“वहिनी, खुर्ची मला बसायला सांगितली होती, नातीला नाही.”

मी पोट धरून हसले. हे फरशीला शिव्या देत बसले.

मग एका सकाळी तिपाईवरून उठताना यांनी भिंत धरली. म्हणाले, “हीसुद्धा डुगडुगतेय,” आणि करवत शोधायला लागले.

तिपाई डुगडुगत नाही. फरशी कितीही उंचसखल असो, तीन पाय टेकतातच. हे यांनीच मला कौतुकाने दाखवलं होतं. म्हणजे हलत होते ते हे. यांच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी भिंत धरून चालणं, मग डोक्यात गाठ निघाली, आणि वर्षभरात माणूस गेला.

“अहो, करवत राहू द्या. दवाखान्यात चला.”

“कशाला? मला काय धाड भरलीय?”

“तिपाईला पाय किती असतात?”

ते निमूटपणे शर्ट बदलून आले.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “चक्कर येते?” हे म्हणाले, “छे!” मी मध्येच तोंड घातलं आणि बुटक्या खुर्च्यांपासून सगळं सांगून टाकलं. बाईंनी यांना चालायला लावलं, हात-पाय तपासले. मग पलंगावर झटकन आडवं करून मान एका बाजूला वळवली आणि डोळ्यांत बघत राहिल्या. माझा जीव नुसता टांगणीला.

“हे कानातलं आहे,” त्या म्हणाल्या. “आतले बारीक कण जागचे सुटलेत, म्हणून तोल जातो. घाबरायचं कारण नाही.”

त्यांनी मान सावकाश दुसरीकडे वळवली, यांना कुशीवर केलं आणि मग उठवून बसवलं. हे थोडा वेळ पलंगाची कड धरून राहिले. मग उठले, दारापर्यंत गेले, वळून परत आले. भिंतीला बोटही लावलं नाही. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की त्या परक्या बाईंसमोरच मी भोकाड पसरलं.

बाहेर बाकावर बसल्यावर हे खालच्या आवाजात म्हणाले, “मला पहिल्या दिवशीच कळलं होतं गं.”

“काय?”

“खुर्ची हलत नाहीये ते.”

“मग पाय कशाला तासत होतात?”

“वाटायचं, एखादी तरी खरंच हलती निघेल.”

मी त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि हात तिथेच ठेवला.