चकतीभोवतीचा घेरा

प्लेटचं झाकण उघडायला तिचा हात धजेना. हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत तिचं रोजचंच काम होतं ते. पेशंटच्या जखमेतले जंतू काचेच्या प्लेटवर वाढवायचे, वर औषधांच्या कागदी चकत्या ठेवायच्या. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती स्वच्छ घेरा उमटतो. आजच्या प्लेटवर बाबांचं नाव होतं.

शेवटी उघडली. एकाही चकतीभोवती घेरा नव्हता. जंतूंचा करडा थर चकत्यांच्या अगदी कडांना भिडून सायीसारखा दाटला होता. तिने प्लेट उजेडाकडे तिरकी धरली, मग दुसऱ्या बाजूने.

वॉर्डात बाबा उशीला टेकून बसले होते. पाय पट्टीत, डोळे तापाने लाल. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेला माणूस.

"केवढे घेरे आलेत?"

"लॅबच्या मॅडम बघताहेत अजून."

"चिमे, तुला खोटं कधी जमलं नाही. फोटो काढला असशील. दाखव."

तिने फोन दिला. बाबा चष्मा लावून बघत राहिले.

"चित्रकलेचे सर चिडवायचे, 'उत्क्रांती होताना कुणी पाहिलीय का हो?' मी म्हणायचो, लाखो वर्षं लागतात, तुमच्या रिटायरमेंटपर्यंत काही दिसायची नाही. आणि ही बघ, दिसली." ते हसले. तिला हसू आलं नाही. "लाखो वर्षं लागतात असं वाटायचं, म्हणून तर त्या गोळ्या..."

कपाटातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या. सर्दी झाली की एक, घसा धरला की अर्धी. ती ओरडायची, तर म्हणायचे, एवढ्याशा गोळीने काय होतंय.

"पण इतक्या औषधांना एकदम पुरून उरले? हळूहळू, पिढ्यान्‌पिढ्या, असंच शिकवलं मी."

"काही गुण ते दुसऱ्या जंतूंकडून उचलतात, बाबा. परक्या जातीच्यासुद्धा. शेजारणीकडून विरजण आणावं तसं."

"म्हणजे फळ्यावर काढायचो ते उत्क्रांतीचं झाड चुकलं. मी फांद्या कधी एकमेकींना टेकू दिल्या नाहीत."

"झाड म्हणायचं की जाळं, यावर अजून भांडताहेत सगळे."

"भांडू देत." त्यांनी फोन परत केला. "औषध उरलंय का एखादं?"

"एक मागवलंय बाहेरून. पण ते तरी..." नकळत तिने त्यांचा हात घट्ट धरला.

बाबांनी तो हळूच सोडवून घेतला आणि भिंतीजवळच्या बेसिनकडे बोट दाखवलं.

"साबणाने धू. कोपरापर्यंत. घरी तुझं बाळ आहे."

ती बराच वेळ धूत राहिली. वळली तेव्हा बाबांनी आपले दोन्ही हात पांघरुणाच्या आत घेतले होते.