गादीवाल्याची झोप

अहो, असं बघू नका! पायपुसणं नाही मी. दिसते तशी, हे मान्य. एका कोपऱ्यावर तेलाचा काळा डाग, खोळीच्या निळ्या पट्ट्या उडालेल्या, कडेचे टाके सुटायला आलेले. पण मी गादी आहे. बसायची गादी, चौकोनी, एका माणसापुरती. गाद्यांच्या दुकानात जन्मले आणि तिथेच म्हातारी झाले. आज तुम्ही भेटलात तर चार शब्द बोलून घेते.

माझा जन्म काही ठरवून झालेला नाही. थोरले मालक एका मोठ्या गादीचं काम संपवून उठत होते, तेव्हा थोडा कापूस उरला आणि खोळीच्या कापडाचा एक तुकडाही. उरलेलं टाकून देणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी पुन्हा दाभण हातात घेतलं आणि चहा निवायच्या आत मला शिवून टाकलं.

त्यांचा मुलगा तेव्हा लहान होता. कापसाच्या गठ्ठ्यांवरून उड्या मारणं हा त्याचा दिवसभराचा उद्योग. त्याने विचारलं, "बाबा, ही कुणाची?"

"माझी. देवाशी बोलताना बसायला."

"मग देव कशावर बसणार?"

"त्याला गादी लागत नाही रे. त्याला कुठे कंबरदुखी आहे?"

तेव्हापासून रोज दुपारी थोरले शटर अर्धं खाली ओढायचे आणि मागच्या खोलीत, गठ्ठ्यांच्या मधल्या जागेत माझ्यावर येऊन बसायचे. त्यांच्या प्रार्थनेत मोठे शब्द नसत. ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं बोलत. "देवा, सकाळी शेजाऱ्याशी भांडलो. चूक त्याची होती, पण आवाज माझा चढला. उद्या मीच बोलेन त्याच्याशी, तेवढं बळ दे." मग बराच वेळ गप्प. त्या गप्प बसण्यात काय होतं ते मला कधीच कळलं नाही. पण बसतानाचा माणूस आणि उठतानाचा माणूस यांच्या वजनात फरक असायचा, हे मी शपथेवर सांगते. वजन मला कळतं. बसायच्या गादीला दुसरं कळणार तरी काय!

मध्येच कुणी शटर वाजवलं, "शेठ, आहात का?" म्हणून हाक मारली, तर थोरले आतूनच सांगायचे, "आहे, पण दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलतोय. थांबा जरा." गिऱ्हाईक हसायचं आणि थांबायचं. थांबायला लोकांकडे वेळ होता तेव्हा.

त्यांची आणखी एक सवय होती. तयार झालेली गादी दुकानाबाहेर पडण्याआधी तिच्यावर तळहात ठेवून ते म्हणायचे, "इथे पाठ टेकणाऱ्याला शांत झोप लागू दे." धाकटाही त्यांच्या शेजारी आपला इवलासा हात ठेवायचा आणि मोठ्या माणसासारखं तोंड करायचा. किती गोड दिवस होते ते! आठवले की माझा दबलेला कापूससुद्धा फुगल्यासारखा होतो.

धाकटा मोठा झाला, दुकानात बसू लागला. बसू लागला म्हणजे उभा राहू लागला. मुलगा हुशार, हाताला वेग, जिभेवर साखर. कापूस पिंजायचं यंत्र त्यानेच आणलं. एका वसतिगृहाच्या सगळ्या गाद्यांची ऑर्डर त्यानेच मिळवली. थोरल्यांना त्याचा कोण अभिमान! पण एव्हाना त्यांना दम लागायला लागला होता. माझ्यावर बसायचे ते मागच्या गठ्ठ्याला टेकून.

त्या दुपारी ते असेच टेकून बसले होते. बाहेर वसतिगृहाच्या गाद्या टेम्पोत चढत होत्या. थोरल्यांनी हाक मारली, "ये रे, जरा बस माझ्यापाशी."

"आत्ता आलो, बाबा. एवढा टेम्पो भरू दे."

टेम्पो भरला. मग दोरी कमी पडली. मग कुणाचा तरी फोन आला. धाकटा आत आला तेव्हा थोरले तसेच टेकलेले होते, डोळे मिटलेले. मी त्यांच्याखाली होते. त्यांचं शेवटचं वजन माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. त्यात राग नव्हता, वाट पाहून आलेला शीण नव्हता. हे मला धाकट्याला ओरडून सांगायचं होतं, पण गादीचं कोण ऐकतं?

धाकटा रडला नाही. ऑर्डर वेळेत पुरी केली. लोक म्हणाले, "पोरगा मोठा धीराचा." मला काही ते पटलं नाही. धीराचा माणूस क्षणभर तरी खाली बसतो. हा तर त्या दिवसापासून बसेचना.

आणि धंदा असा वाढला म्हणता! फोमच्या गाद्या आल्या, स्प्रिंगच्या आल्या, दोन गल्ल्यांपलीकडे दुसरं दुकान झालं. दुपारी शटर खाली येणं बंद झालं. गादीवर हात ठेवणं बंद झालं. हात मोकळा असेल तर ना! एका कानाला एक फोन, दुसऱ्या हातात दुसरा. बायको जेवणाचा डबा घेऊन यायची आणि म्हणायची, "अहो, निदान बसून तरी जेवा."

"बसलो की काही सुचत नाही गं."

खोटं. बसलं की त्याला सगळं सुचायचं. बसलं की ती दुपार समोर उभी राहायची आणि तेच वाक्य कानात वाजायचं, "आत्ता आलो, बाबा." म्हणून तो कामाच्या पाठीमागे लपत होता. लोकांना ती मेहनत वाटायची.

माझं म्हणाल तर मी आधी गठ्ठ्यावर गेले, मग फळीवर. मग एकदा नवं शिवण्याचं मशीन आलं. फरशी उंचसखल, त्यामुळे ते धडधडायला लागलं. मालक, म्हणजे आता धाकटाच, फोनवर बोलत होते. बोलता बोलताच हाताला लागलं ते ओढलं, दुमडलं आणि मशीनच्या पायाखाली सारलं. ती मी होते. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मशीनचं तेल माझ्या कोपऱ्यावर ठिबकू लागलं आणि मी तिथेच वर्षानुवर्षं दुमडून राहिले. रुसले होते का? होते थोडी. पण रुसून जाणार कुठे!

तिथून मला सगळं ऐकू यायचं. डॉक्टर गादी घ्यायला आले होते, त्यांनी मालकांचं तोंड बघून तिथेच रक्तदाब मोजला. म्हणाले, "शेठ, हे बरं नाही. विश्रांती घ्या, नाहीतर मी तुम्हाला सक्तीने आडवं करीन." मालक म्हणाले, "एवढा हंगाम जाऊ दे." बायको एकदा चिडून म्हणाली, "गिऱ्हाइकांना झोप विकता विकता घरातली संपली आपली." खरंच होतं ते. घरी मालक ज्या गादीवर पडायचे, तिच्या पार गाठी झाल्या होत्या. गादीवाल्याच्या घरी फाटकी गादी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मुलीला बापाशी बोलायचं असलं तर तिला दुकानात यावं लागे, आणि आली तरी तो तिच्या डोक्यावरून दाराकडे बघत बोलायचा.

मग एक दिवस ती गोष्ट घडली. मी दुकानातच होते, पण आमच्या टेम्पोवाल्याने ती इतक्यांदा सांगितली की माझी तोंडपाठ आहे.

एका म्हाताऱ्या जोडप्याकडे गादी पोचवायची होती. टेम्पोवाला आणि मालक दोघं गेले. पलंगावर गादी पसरली. शिवण नीट आहे ना ते बघायला मालकांनी वाकून तिच्यावर तळहात फिरवला. कोपरा तपासायला गुडघा टेकला. मग खांदा टेकला. "आणि पुढे काय सांगू!" टेम्पोवाला म्हणायचा. "शेठ घोरायलाच लागले! मी हलवतोय, हाका मारतोय, छे! त्या आजी म्हणाल्या, नका उठवू. चादर आणून घातली अंगावर. दोघं म्हातारे बिचारे दुपारभर खुर्च्यांवर बसून राहिले, आणि गादीवाला गिऱ्हाइकाच्या पलंगावर!"

सगळा बाजार हसला. मालक मात्र शरमेने काळेठिक्कर पडले. दुसऱ्या दिवशी आणखी लवकर दुकानात आले आणि आणखी जोरात कामाला लागले.

ही बातमी आत्याच्या कानावर गेली. आत्या म्हणजे थोरल्यांची मोठी बहीण. ऐकायला कमी येतं, त्यामुळे जगालाही कमी ऐकू येत असावं अशा बेताने बोलते. ती काठी टेकत आली आणि दारातूनच म्हणाली, "माझ्या भावाची बसायची गादी कुठाय?"

"असेल गं आत कुठेतरी. का?"

"काढ."

मालकांनी फळी शोधली, गठ्ठे उलटेपालटे केले. मुलगी कॉलेजातून नुकतीच आली होती. ती मशीनजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, "बाबा, ती बघा. खाली."

मालकांनी वाकून पाहिलं. मग टेम्पोवाल्याला हाक मारून मशीन उचललं आणि मला बाहेर ओढलं. मला झटकायला गेले तर हाताला तेल लागलं. तो हात त्यांनी पुसला नाही. "हे मी केलं?" एवढंच म्हणाले.

आत्याने टेम्पोवाल्याला शटर अर्धं ओढायला लावलं. मला मागच्या खोलीत टाकलं. "बस."

"आत्या, आज गाद्या जायच्यात. लोक वाट बघतायत."

"एक दिवस झोपतील जमिनीवर. मरत नाहीत. बस म्हणते ना!"

ते बसले. आधी नुसते टेकले, उठायच्या तयारीत. "मला नाही येत गं प्रार्थना. बाबांना यायची."

"त्याला तरी कुठे येत होती? गाऱ्हाणी घालायचा तो. तूही घाल."

मालकांनी डोळे मिटले. "देवा," म्हणाले, "दोन दुकानं आहेत. माणसं टिकत नाहीत. स्प्रिंगचा माल वेळेवर येत नाही..." हिशेब द्यावा तसं काहीबाही बोलत राहिले. मग हिशेब मध्येच सोडला. "मी आत्ता येतो म्हणालो होतो," ते म्हणाले. "त्यांनी बोलावलं होतं. एवढंच म्हणाले होते, बस. आणि मी टेम्पो भरत होतो." आणि इतक्या वर्षांचं साठलेलं रडणं बाहेर पडलं. मी कापसाची. जेवढं टिपता आलं तेवढं टिपलं.

आत्या त्यांच्या शेजारी फरशीवर बसली. तिचे गुडघे काय दुखले असतील! पण बसली. पहिल्यांदाच मी तिचा आवाज हळू झालेला ऐकला. "तू नव्हतास म्हणून तो एकटा होता असं वाटतं का तुला? अरे, ज्याच्याशी तो रोज बोलायचा, तो होता ना त्याच्यापाशी. तुझी वाट बघत नाही गेला तो. सोबतीनं गेला. आणि तुला माफी हवी असेल तर मागून घे. ती कामं करून फिटत नाही, बाळा. ती नुसती मागायची असते."

मालकांनी मागितली. शब्द मी सांगणार नाही, ते त्यांचे आणि देवाचे. पण ते उठले तेव्हा त्यांच्या वजनात फरक होता.

आता तुम्हाला वाटेल, झालं, माणूस एका दुपारीत सुधारला. कसलं काय! दुसऱ्या दिवशी बसले आणि फोन वाजताच ताडकन उठले. तिसऱ्या दिवशी आलेच नाहीत. मग एकदा मुलीने फोन काढून स्वतःकडे ठेवला आणि म्हणाली, "बसा तुम्ही. मी सांगते लोकांना." हळूहळू जमलं. दुसरं दुकान त्यांनी बंद केलं. बाजारात बोलणं झालं, याचा धंदा बसला. धंदा नव्हता बसला हो, माणूस बसला होता. जेवण बसून, चहा बसून, मुलीशी बोलणंसुद्धा बसून. आणि काही दुपारी तर देवाशी बोलता बोलता मान कलायची. बायको उठवायला यायची आणि तशीच परत जायची.

असे कितीतरी दिवस गेले. आता माझ्यात दम उरला नाही. परवा मुलीने मला उचलून उजेडात धरलं. दुकान आता तीच बघते. म्हणाली, "बाबा, हिचा कापूस अजून चांगला आहे. उसवून पिंजूया. नव्या कापसात मिसळून तुमच्या पलंगाची गादी करते. त्या गाठींवर झोपणं आता पुरे."

मालकांनी मला हातातून काढून घेतलं. माझ्या मधोमध एक खळगा आहे. थोरल्यांच्या बसण्याने पडलेला. पुढे मालकही त्याच खळग्यात बसत आले. "पिंजलं की हा जाईल," ते म्हणाले.

मुलीने कात्री त्यांच्या शेजारी ठेवली आणि गल्ल्यावर जाऊन बसली.

दोन दिवस त्यांनी मला कुणाला हात लावू दिला नाही. आज दुपारी शटर अर्धं खाली आलं. मालक आत आले आणि माझ्यावर बसलेच नाहीत. मला मांडीवर घेऊन सरळ फरशीवर बसले. तळहात खळग्यावर टेकवला. मग म्हणाले, "देवा, ते तुझ्याकडे आहेत. मी हा खळगा धरून बसलोय." आणि कात्री घेतली.

पहिला टाका आत्ताच तुटलाय. थोरल्यांच्या हातचा टाका, घट्ट होता. कात्री चालवणारा हात थांबत नाही, आणि घाईही करत नाही. दुखत नाही मला. उलट इतक्या वर्षांनी अंगात वारा शिरतोय, तो बरा वाटतोय.

तुम्हालाही कुणी आतून हाक मारत असेल, तर टेम्पो नंतर भरा. एवढंच सांगायचं होतं.

दुसरा टाका तुटला. येते मी.